रन-थ्रू पॉवर

रन-थ्रू पॉवर ही उत्तर अमेरिकेतील मालवाहू रेल्वे कंपन्यांची डिझेल इंजिने परस्परांच्या मार्गांवर चालवण्याची पद्धत आहे. या पद्धतीत मालगाडी एका कंपनीच्या मार्गावरून दुसरीच्या मार्गावर जाताना इंजिने तीच राहतात, चालक व कर्मचारी बदलतात.

पार्श्वभूमी

अमेरिकेतील बहुतेक मालवाहू लोहमार्ग खासगी मालकीचे आहेत. बीएनएसएफ व युनियन पॅसिफिक यांचे जाळे प्रामुख्याने पश्चिमेत, तर सीएसएक्स व नॉरफोक सदर्न यांचे पूर्वेत आहे. त्यामुळे पूर्व-पश्चिम वाहतूक शिकागो, मेम्फिस, न्यू ऑर्लीन्स यांसारख्या ठिकाणी एका कंपनीकडून दुसरीकडे सोपवली जाते. तेथे इंजिने न बदलल्याने यार्डातील वेळ वाचतो.

हिशेब

या वापराचा हिशेब अश्वशक्ती-तासांत ठेवतात. ४,४०० अश्वशक्तीचे इंजिन दुसऱ्या कंपनीकडे १० तास राहिल्यास ४४,००० अश्वशक्ती-तासांचे देणे होते. ते सामान्यतः स्वतःची इंजिने तितक्याच वापरासाठी देऊन फेडले जाते.

तांत्रिक बाबी

२७ पिनांच्या प्रमाणित विद्युत जोडणीमुळे निरनिराळ्या कंपन्यांची इंजिने एकत्र जोडून एकाच चालककक्षातून चालवता येतात. अग्रभागी असणाऱ्या इंजिनात मात्र त्या मार्गाच्या सिग्नल प्रणालीस अनुरूप उपकरणे आवश्यक असतात. ती नसल्यास ते इंजिन मागे जोडले जाते. २००८ मध्ये कॅलिफोर्नियातील चॅट्सवर्थ येथे प्रवासी गाडी व मालगाडी यांची टक्कर होऊन २५ जणांचा मृत्यू झाला. त्याच वर्षी संमत झालेल्या कायद्याने ‘पॉझिटिव्ह ट्रेन कंट्रोल’ ही सुरक्षा प्रणाली अनेक मार्गांवर बंधनकारक केली. इंजिने सामायिक असल्याने ही प्रणाली सर्व कंपन्यांमध्ये परस्परसुसंगत ठेवावी लागली.