वुड्स होल आणि पेशीविभाजनाचे नियंत्रण

अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात वुड्स होल हे समुद्रकाठचे लहानसे गाव आहे. १८८८ मध्ये तेथे सागरी जीवविज्ञान प्रयोगशाळा सुरू झाली. विद्यापीठांतील प्राध्यापकांनी उन्हाळ्यात तेथे मुक्काम करायचा, समुद्रातून आणलेल्या ताज्या प्राण्यांवर विद्यार्थ्यांसह काम करायचे, असा प्रघात पडला. पेशी कधी विभागायची हे कशावर ठरते, या प्रश्नाच्या उत्तराचा महत्त्वाचा धागा याच प्रघातातून हाती लागला.

तेथील संशोधकांचा आवडता प्राणी म्हणजे सी अर्चिन. या काटेरी, गोल प्राण्याच्या मादीला पोटॅशियम क्लोराइड टोचले की ती असंख्य अंडी सोडते. त्यांत शुक्राणू मिसळताच अंडी जवळजवळ एकाच वेळी फलित होतात आणि सुमारे तासाभरात बरोबरीने दुभंगतात. एरवी ऊतकातील प्रत्येक पेशी निराळ्या टप्प्यावर असते. येथे मात्र साऱ्या पेशी एकाच टप्प्यावर असल्याने त्यांतले रासायनिक बदल एकत्रितपणे मोजता येतात.

१८९९ मध्ये झाक लोब यांनी येथेच समुद्राच्या पाण्यातील क्षारांचे प्रमाण बदलून, शुक्राणूंशिवाय सी अर्चिनच्या अंड्यांची वाढ सुरू करून दाखवली. विभाजनाची सगळी सामग्री अंड्यातच असते, शुक्राणू तिला चालना देतो, हे त्यातून दिसले. पुढे अर्नेस्ट एव्हरेट जस्ट यांनी १९०९ पासून जवळजवळ वीस वर्षे उन्हाळ्यात येथे काम करून फलनाच्या वेळी अंड्याच्या पृष्ठभागावर होणाऱ्या बदलांचा बारकाईने अभ्यास केला.

१९८२ च्या जुलैमध्ये केंब्रिजचे टिम हंट फलित अंडी आणि कृत्रिमरीत्या चेतवलेली अंडी यांतील प्रथिननिर्मितीची तुलना करत होते. लोब यांच्या कामाशी नाते सांगणाराच हा प्रयोग होता. अंड्यांना किरणोत्सारी मेथायोनिन देऊन ठरावीक अंतराने नमुने काढायचे, त्यांतील प्रथिने जेलवर वेगळी करायची आणि फिल्मवर त्यांचे पट्टे उमटवायचे, अशी पद्धत होती. फलित अंड्यांतील बहुतेक पट्टे वेळेबरोबर गडद होत गेले. एक पट्टा मात्र गडद होऊन विभाजनाच्या तोंडावर नाहीसा झाला, नंतर पुन्हा उमटला आणि पुढच्या विभाजनाच्या वेळी पुन्हा विरला. या प्रथिनाला सायक्लिन हे नाव मिळाले.

इतरत्रही शोध चालूच होता. योशिओ मासुई आणि क्लेमेंट मार्कर्ट यांनी १९७१ मध्ये बेडकाच्या अंड्यात विभाजन घडवणारा घटक असल्याचे दाखवले होते. लीलंड हार्टवेल यांनी सिएटलमध्ये यीस्टमधील विभाजनाची जनुके शोधली. पॉल नर्स यांनी दुसऱ्या जातीच्या यीस्टमध्ये सीडीसी२ या कळीच्या जनुकाचा अभ्यास केला आणि १९८७ मध्ये तसेच जनुक माणसातही असल्याचे सिद्ध झाले. १९८८ मध्ये बेडकातील घटक शुद्ध स्वरूपात मिळाला. त्यात सीडीसी२ चे विकर आणि सायक्लिन अशी जोडी असल्याचे लवकरच उलगडले. सायक्लिन साठत गेले की विकर कार्यक्षम होऊन पेशी विभाजनात शिरते. सायक्लिन नष्ट झाले की विभाजन पुरे होते.

ते नष्ट कसे होते, याचे उत्तर शोधण्यातही वुड्स होलचा वाटा होता. ॲव्हराम हर्श्को यांनी तेथील शिंपल्यांच्या अंड्यांच्या अर्कात सायक्लिनच्या विघटनाचा अभ्यास केला. सायक्लिनवर युबिक्विटिन हे लहान प्रथिन जोडले जाते आणि अशी खूण झालेले प्रथिन पेशी मोडून टाकते, हे स्पष्ट झाले. हार्टवेल, हंट आणि नर्स यांना २००१ चे वैद्यकाचे नोबेल मिळाले. युबिक्विटिनवरील संशोधनासाठी हर्श्को २००४ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलचे सहमानकरी ठरले.

अनेक कर्करोगांत याच यंत्रणेचा लगाम सुटलेला असतो. सायक्लिनशी जोडी जमवणारी विकरे रोखणारे पाल्बोसिक्लिब हे औषध २०१५ पासून स्तनाच्या कर्करोगावर वापरले जाते.