नागपूर परिसरातील मराठी विवाहसोहळा

नागपूर परिसरातील मराठी विवाहसोहळा हा पूर्व विदर्भातील मराठी भाषक समाजांमध्ये प्रचलित असलेल्या विवाहविषयक विधी, प्रथा आणि नियोजनपद्धतींचा समूह आहे. जात, धर्म आणि आर्थिक स्थिती यांनुसार त्यांत भिन्नता आढळते. तथापि विवाह हा केवळ वधू-वरांचा नसून दोन कुटुंबांचा संबंध आहे, ही धारणा बहुतेक पद्धतींत समान आहे. त्यामुळे मामा, आत्या, भाऊ, बहीण, आजी-आजोबा अशा नातेवाइकांना सोहळ्यात ठरलेली कामे आणि मान असतात. कोणाला सहभागी करून घ्यावे आणि कोणाला दूर ठेवावे, हा प्रश्न या परंपरेतील सुधारणा चळवळींचाही विषय राहिला आहे.

== पार्श्वभूमी ==

नागपूर ही भोसले राज्याची आणि नंतर मध्य प्रांताची राजधानी होती. १९५६ मध्ये विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात समाविष्ट झाला. हिंदी भाषक प्रदेशाशी दीर्घकाळ असलेल्या प्रशासकीय व व्यापारी संबंधांमुळे येथील विवाहाच्या शब्दसंग्रहावर आणि चालीरीतींवर हिंदीची छाप दिसते. वधूच्या पाठवणीला अनेक घरांत ‘बिदाई’ म्हटले जाते.

विदर्भाचा विवाहाशी असलेला संबंध पुराणकथांतूनही व्यक्त होतो. रुक्मिणी आणि दमयंती या दोघीही विदर्भाच्या राजकन्या मानल्या जातात. अमरावती जिल्ह्यातील कौंडण्यपूर हे रुक्मिणीचे माहेर असल्याची श्रद्धा आहे.

== नियोजन आणि पूर्वतयारी ==

विवाह ठरल्यानंतर होणाऱ्या वाङ्‌निश्चयाच्या समारंभास विदर्भात ‘साक्षगंध’ म्हणतात. उर्वरित महाराष्ट्रात यासाठी साखरपुडा हा शब्द अधिक रूढ आहे. दोन्ही कुटुंबांतील वडीलधाऱ्यांच्या साक्षीने वधू-वरांना कुंकुमतिलक लावून, वस्त्रे व फळे देऊन संबंध जाहीर केला जातो. आमंत्रितांची संख्या, मानपान आणि खर्चाची वाटणी यांविषयीची बोलणी साधारणतः त्यापूर्वी होतात.

यानंतर ‘बस्ता’ बांधला जातो. वधू-वरांचे आणि आहेरात द्यावयाचे कपडे एकत्रितपणे खरेदी करणे, असा त्याचा अर्थ आहे. नागपुरात इतवारी, महाल, गांधीबाग आणि सीताबर्डी या बाजारपेठा त्यासाठी परिचित आहेत. बस्त्याला दोन्हीकडील ज्येष्ठ स्त्रियांना बोलावण्याची पद्धत असते. कोणत्या नातेवाइकाला कोणता आहेर द्यायचा, हे तेथे ठरत असल्याने नातेसंबंधांतील रुसव्या-फुगव्यांचा संभवही याच वेळी अधिक असतो.

विवाहापूर्वी नातेवाईक वधूला किंवा वराला आपल्या घरी जेवावयास बोलावतात. या भोजनाला ‘केळवण’ किंवा ‘गडगनेर’ म्हणतात. पाहुण्यांच्या आसनांची, मंडपाची आणि भांड्यांची व्यवस्था करणाऱ्या व्यवसायास विदर्भात ‘बिछायत केंद्र’ ही संज्ञा आहे. पूर्वी घरापुढील मांडवात होणारे विवाह शहरात आता मंगल कार्यालयांत, सभागृहांत आणि ‘लॉन’वर होतात.

नागपूरचे तापमान मे महिन्यात ४५ अंश सेल्सियसच्या वर जाऊ शकते. शाळांच्या सुट्या आणि शेतीच्या कामांतील उसंत यांमुळे अनेक विवाह याच काळात होत असल्याने सायंकाळच्या मुहूर्ताला पसंती दिली जाते आणि वृद्ध पाहुण्यांच्या सोयीचा विचार नियोजनात महत्त्वाचा ठरतो.

== कुटुंबीयांच्या भूमिका ==

हिंदू विवाहपद्धतीत नातेवाइकांना पुढील भूमिका परंपरेने दिल्या जातात. जातीनुसार त्यांत फरक पडतो.

* मामा : वधूला विवाहस्थानी घेऊन येतो आणि मंगलाष्टके चालू असताना तिच्या पाठीशी उभा राहतो. वराच्या मागेही त्याचा मामा असतो.
* करवली : वराची बहीण किंवा तिच्या नात्यातील मुलगी. दिवा व कलश घेऊन ती सोबत असते. वधूकडेही करवली असते.
* वधूचा भाऊ : लाजाहोमाच्या वेळी वधूच्या ओंजळीत लाह्या घालतो. वराचा कान पिळण्याचा ‘कानपिळी’ हा विनोदी विधीही त्याच्याकडे असतो. वराने बहिणीला नीट वागवावे, याची आठवण करून देणे हा त्यामागील संकेत मानला जातो.
* आई-वडील : देवक बसविणे, कन्यादान आणि वरपूजा हे विधी वधूचे आई-वडील दांपत्य म्हणून करतात.
* सासू : सूनमुख पाहण्याच्या विधीत आरशात सुनेचे मुख पाहते.
* शेजारी व भावकी : पूर्वी मांडव घालणे, पाणी भरणे, धान्य निवडणे आणि पंगती वाढणे ही कामे करीत. केटरिंगच्या प्रसारामुळे शहरात हा श्रमाचा सहभाग बराच कमी झाला आहे.

== भोजन ==

वडाभात, पुरणपोळी, पाटवडीचा रस्सा आणि मडक्यावर भाजलेली लांब रोटी हे वैदर्भीय मेजवानीतील परिचित पदार्थ आहेत. पंगतीत व्याही आणि विहीण यांना आग्रहाने वाढले जाते. उभ्याने जेवण्याच्या पद्धतीमुळे पंगत मागे पडली असली, तरी विहिणीची पंगत अनेक कुटुंबे स्वतंत्रपणे बसवतात.

== बौद्ध विवाह ==

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी नागपुरात लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माचा स्वीकार केला. हे स्थळ आज दीक्षाभूमी म्हणून ओळखले जाते. त्यानंतर या परिसरात बौद्ध विवाहपद्धती मोठ्या प्रमाणावर रूढ झाली. डॉ. आंबेडकरांनी डिसेंबर १९५६ मधील एका पत्रात या विवाहाची साधी रूपरेषा सांगितली होती. तीनुसार होम आणि सप्तपदी यांना स्थान नाही. वधू-वरांनी पांढरी वस्त्रे परिधान करावीत, दोघांच्या मध्ये पाण्याने भरलेले मातीचे नवे मडके ठेवावे, त्यातील सुताची टोके दोघांनी धरावीत आणि मंगलसुत्त म्हटले जावे, असे तिचे स्वरूप होते.

प्रचलित पद्धतीत बुद्धमूर्ती व डॉ. आंबेडकरांच्या प्रतिमेस वंदन, त्रिशरण-पंचशील आणि वधू-वरांच्या परस्परांप्रती प्रतिज्ञा यांचा समावेश असतो. मुहूर्त, कन्यादान आणि जन्मजात पुरोहित यांची आवश्यकता नसते.

== वगळणुकीचा प्रश्न ==

पारंपरिक विवाहात सवाष्ण स्त्रीला जो मान असतो, तो विधवा स्त्रीला नाकारला जातो. हळद लावणे, ओटी भरणे, औक्षण करणे यांपासून तिला दूर ठेवले जाते. अपत्याला एकटीने वाढविणारी आईही त्याच्या लग्नात मागे उभी राहते आणि कन्यादानासाठी काका-काकू किंवा मामा-मामी यांना बसविले जाते.

मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींना हेरवाडचे अनुकरण करण्याचे आवाहन केले. काही कुटुंबांत आता आई स्वतः अपत्याला हळद लावते आणि विधींना बसते.

कोविड-१९ महामारीत हा प्रश्न वेगळ्या स्वरूपात पुढे आला. एप्रिल २०२१ मध्ये महाराष्ट्रात विवाहासाठी २५ व्यक्ती आणि २ तास अशी मर्यादा घालण्यात आली होती. त्यामुळे दोन्ही घरांना जवळच्या नातेवाइकांतूनही निवड करावी लागली.

== सुधारणा आणि खर्च ==

महात्मा जोतीराव फुले यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाजाची स्थापना केली. पहिला सत्यशोधक विवाह त्याच वर्षी २५ डिसेंबरला पुण्यात झाला. पुरोहिताला वगळून वधू-वरांनीच एकमेकांशी बोलावे, अशी त्यातील मंगलाष्टकांची रचना आहे. विदर्भात राष्ट्रसंत तुकडोजी महाराज (१९०९–१९६८) यांनी ‘ग्रामगीता’ या ग्रंथात हुंडा आणि कर्ज काढून केला जाणारा थाट यांवर टीका करून साध्या विवाहाचा पुरस्कार केला.

मुलीच्या लग्नासाठी काढलेले कर्ज हा विदर्भातील शेतकरी कुटुंबांवरील आर्थिक भाराचा एक भाग मानला जातो. राज्य शासनाची शुभमंगल सामूहिक/नोंदणीकृत विवाह योजना या पार्श्वभूमीवर महत्त्वाची आहे. तीत शेतकरी व शेतमजुरांच्या मुलींच्या विवाहासाठी प्रति जोडपे १०,००० रुपये अनुदान दिले जात असे. पुढे ते २५,००० रुपये करण्यात आले. हे अनुदान वधूच्या आईच्या नावे दिले जाते.

== कायदेशीर बाजू ==

विवाहासाठी वराचे वय २१ आणि वधूचे १८ वर्षे पूर्ण असणे आवश्यक आहे. हिंदू विवाह अधिनियम, १९५५ हा बौद्ध, जैन आणि शीख यांनाही लागू होतो. या अधिनियमानुसार विवाह कोणत्याही एका पक्षाच्या रूढ विधींनी करता येतो. आवश्यक विधी झालेले नसतील, तर केवळ नोंदणीच्या प्रमाणपत्राने विवाह वैध ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये स्पष्ट केले. विशेष विवाह अधिनियम, १९५४ खाली ३० दिवसांच्या नोटिशीनंतर तीन साक्षीदारांसमोर विवाह करता येतो. त्यासाठी धार्मिक विधींची गरज नसते. हुंडा देणे आणि घेणे हे दोन्ही १९६१ च्या अधिनियमानुसार गुन्हे आहेत.

सज्ञान व्यक्तींच्या विवाहाला कुटुंबाची संमती कायद्याने आवश्यक नाही. २०१८ मध्ये शक्ती वाहिनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने याचा पुनरुच्चार केला. आंतरजातीय विवाह करणाऱ्या पात्र जोडप्यांसाठी महाराष्ट्र शासनाची प्रोत्साहनपर अर्थसाहाय्य योजनाही आहे.

== हे सुद्धा पहा ==

* बौद्ध विवाह
* सत्यशोधक समाज
* दीक्षाभूमी
* ग्रामगीता
* विदर्भ