विष आधीच शिजलं होतं

सकाळी ११.०० (उरले १४ तास)

वाळूज एमआयडीसीच्या रस्त्यावरचं एक गार्डन रेस्टॉरंट. मागच्या शेडमध्ये भाताचं मोठं भगोणं चुलीवरून उतरतं. रात्रीच्या फ्राइड राइसची ही तयारी. पाणी निथळून, वर फडकं टाकून भगोणं ओट्याच्या कोपऱ्यात सरकवलं जातं. फ्रिजमध्ये ते मावत नाही, आणि गार भाताचे गोळे होतात म्हणून आचाऱ्यालाही तसं ठेवायचं नसतं.

तांदळाला शेतातल्या मातीतून बॅसिलस सेरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू चिकटून येतात. उकळत्या पाण्यात जिवाणू मरतात, बीजाणू तग धरतात. आता भात निवायला लागलाय आणि त्यांना जाग येतेय.

मी अजून पुण्यात आहे. बॅगेत टूलकिट भरतोय.

दुपारी १.३० (उरले साडेअकरा तास)

एसटी अहिल्यानगरच्या वाटेवर आहे. साहेबांचा फोन.

"उद्या नऊला ट्रायल आहे. मशीन चाललंच पाहिजे."

"हो सर."

"आणि बाहेरचं अबरचबर काही खाऊ नकोस. मागच्या वेळी त्या दुसऱ्या पोराने दोन दिवस घालवले."

"सर, मग जेवू कुठे?"

"कुठेही जेव. बिल पक्कं घे."

अन्नसुरक्षेचा साधा नियम असा की गरम अन्न ६० अंश सेल्सिअसच्या वर ठेवायचं आणि थंड ५ अंशांच्या खाली. मधला सगळा पट्टा जिवाणूंच्या सोयीचा. परातीत पसरलेला भात लवकर निवतो, पण भगोण्यातल्या ढिगाचा गाभा तासन् तास कोमट राहतो. त्यात एप्रिल महिना. शेडमध्ये पंखा आहे, तो फक्त आचाऱ्याच्या दिशेने.

दुपारी ४.३० (उरले साडेआठ तास)

मी शॉप फ्लोअरवर, सीएनसी मशीनच्या पोटात डोकं घालून. स्पिंडलचा आवाज जरा वेगळा येतोय. गिऱ्हाईक कंपनीतला मेंटेनन्सवाला टॉर्च धरून उभा आहे.

तिकडे कोमट भातात जिवाणू अर्ध्या तासाच्या आत दुप्पट होतायत. वाढता वाढता ते भातात सेर्युलाइड नावाचं विष सोडतात. त्याला ना वास, ना चव. भात आंबलेला लागत नाही, चिकट होत नाही, रंगही बदलत नाही. कुणी चिमूटभर खाऊन पाहिला असता तरी 'मस्त मोकळा झालाय' असंच म्हणाला असता.

रात्री ८.४५ (उरले सव्वाचार तास)

मशीन लागलं. मेंटेनन्सवाला म्हणाला, "चला साहेब, त्या गार्डन रेस्टॉरंटसारखं जेवण आख्ख्या वाळूजमध्ये नाही."

फिरतीवरच्या माणसाचे खाण्याचे नियम ठरलेले असतात. जगमधलं पाणी प्यायचं नाही. मी लिटरची सीलबंद बाटली मागवली. चिरलेला कांदा-काकडी नको. चटणी नको. दही नको. मांसाहार तर नकोच. समोर तयार होणारं गरमागरम काहीतरी घ्यायचं, म्हणून व्हेज शेजवान फ्राइड राइस.

मेंटेनन्सवाल्याने पनीर-रोटी सांगितली आणि वर जगमधलं पाणी, कांदा, लिंबू, हिरवी चटणी असं यथासांग सुरू केलं. मी त्याच्याकडे जरा काळजीने पाहत होतो.

भट्टीचा जाळ कढईच्या काठापर्यंत आला. कोबी, गाजर, सॉस आणि दोन डाव भात. तीन मिनिटांत प्लेट टेबलावर आली, वाफाळती.

त्या जाळात जिवाणू बऱ्यापैकी मेले असतील. विषाला काही झालं नाही. सेर्युलाइड १२१ अंशांवर दीड तास ठेवलं तरी टिकतं. घरच्या प्रेशर कुकरमधलं तापमानही साधारण तेवढंच असतं. १९७०च्या दशकात ब्रिटनमधल्या चिनी रेस्टॉरंटांत ग्राहक लागोपाठ आजारी पडले, तेव्हा माग अशाच शिजवून बाहेर ठेवलेल्या आणि नंतर परतलेल्या भातापर्यंत पोचला होता. गरम केल्याने जंतू मारता येतात. त्यांनी आधीच सोडून ठेवलेलं विष काढता येत नाही.

भात झकास होता. मी प्लेट पुसून खाल्ली.

रात्री ११.१५ (उरले पावणेदोन तास)

लॉजवर. घरी फोन झाला. "जेवलास ना नीट?" "हो गं आई, गरम गरम जेवलो."

सेर्युलाइड पोटातल्या आम्लाला दाद देत नाही. ते तिथल्या मज्जातंतूंना चेतवतं आणि निरोप थेट मेंदूतल्या उलटीच्या केंद्राकडे जातो. खाल्ल्यापासून अर्धा ते सहा तासांत हा निरोप पोचतो.

रात्री १२.१० (उरली ५० मिनिटं)

तोंडाला पाणी सुटतंय, पण भुकेचं नाही. जांभया. कपाळावर गार घाम. मी दोष एसटीच्या प्रवासाला दिला, मग चहाला, मग स्पिंडलच्या काळजीला. ॲसिडिटीची गोळी घेतली.

रात्री १.०० (शून्य)

गोळी परत आली. मागोमाग गाजर, कोबी, भात.

त्यानंतर बादली, कमोड आणि फरशी यांच्यात फरक उरला नाही. नळ सोडला तर फुस्स असा आवाज आला. रात्री अकरानंतर मोटर बंद असते, हे बाथरूमच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलेलं होतं. वाचायला भरपूर वेळ मिळाला.

रात्री २.३०

रिसेप्शनवरचे मामा वर आले. माझ्याकडे एक नजर टाकून म्हणाले, "काल त्या गार्डन रेस्टॉरंटला फ्राइड राइस खाल्ला का? राइस तर ते सकाळीच बॉइल मारून ठेवतात."

मग त्यांनीच मोटर लावली आणि खालून मीठ-साखर आणली. लिटरभर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. माप जेवताना मागवलेल्या त्या सीलबंद बाटलीचं. उलटीनंतर दहा मिनिटं थांबायचं, मग चमचा-चमचा. गटागटा प्यायलं की परत बाहेर येतं. १९७१ साली बांगलादेश युद्धाच्या वेळी बनगावच्या निर्वासित छावणीत सलाइन अपुरं पडलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी असंच मीठ-साखरेचं पाणी पिंपांत भरून कॉलऱ्याच्या रुग्णांना पाजलं आणि मृत्यूंचं प्रमाण झपाट्याने खाली आणलं.

सकाळी ७.३०

उलट्या थांबल्या. जवळच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी अँटिबायोटिक दिलं नाही. "जंतूंशी भांडण नाहीये, विष होतं, ते गेलं. पाणी पीत राहा." असं दुखणं बहुतेक वेळा २४ तासांत आवरतं. मात्र ताप चढला, शौचातून रक्त गेलं, लघवी होईनाशी झाली किंवा घोटभर पाणीही टिकेना, तर दवाखाना गाठायचा, हे त्यांनी बोटं मोजून सांगितलं.

सकाळी ९.००

ट्रायल मेंटेनन्सवाल्याने घेतली. मी लॉजच्या पलंगावरून व्हिडिओ कॉलवर. त्याची तब्येत ठणठणीत. "साहेब, तुम्ही सारखं पाणी बदलता, म्हणून होतं असं," तो म्हणाला. मशीन व्यवस्थित चाललं.

पुढचा आठवडा

क्लेमचा कागद अकाउंट्समधून परत आला. रात्रीच्या जेवणाचं बिल पूर्ण मंजूर. डॉक्टरांची पावती नामंजूर. शेरा होता: 'प्रवासाशी संबंध नाही.'