कोंबड्यांच्या खुराड्यातला स्टुडिओ

आजची गोष्ट सुरू होते एका खुराड्यापासून. हसू नका, खरंच.

१८६३ चा डिसेंबर. इंग्लंडच्या दक्षिणेला आइल ऑफ वाइट नावाचं बेट आहे, तिथलं फ्रेशवॉटर गाव. ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन या बाईंना लेक-जावयाने कॅमेरा भेट दिला. वय ४८, जन्म कोलकात्याचा. बाईंनी कोळशाच्या खोलीची डार्करूम केली, आणि काचेच्या खुराड्यातल्या कोंबड्यांना बाहेर काढून तिथे स्टुडिओ थाटला.

काचेचंच का? कारण तेव्हा लाइट म्हणजे सूर्य. बाकीचे फोटोग्राफर चेहऱ्यावर सगळीकडून सारखा उजेड पाडायचे. कॅमेरॉनबाईंनी उलटं केलं. पडदे लावून बराचसा उजेड अडवला आणि थोडासाच एका बाजूने आत येऊ दिला. अर्धा चेहरा उजळ, अर्धा काळोखात. मागे गडद कापड, अंगावर साधी शाल. आपण पोर्ट्रेट मोडमध्ये शोधतो ना, तो मूड हाच.

पण याची किंमत होती. उजेड कमी, त्यात काच मोठी. काचेवर कलोडियनचं रसायन लावायचं, ती ओली असतानाच फोटो घ्यायचा आणि लगेच धुवायचा. समोरच्या माणसाने काही मिनिटं हलायचं नाही! कोणी हललं की चेहरा धूसर. समीक्षक म्हणाले, बाईंना फोकसच जमत नाही. बाई म्हणाल्या, मला सुंदर दिसलं की मी तिथेच थांबते. (शब्द माझे, अर्थ त्यांचा.)

प्रॉप्स तर घरगुतीच. १८७२ च्या ‘आय वेट’ या फोटोतल्या छोट्या देवदूताला राजहंसाचे पंख लावलेत, आणि पोरगी चक्क वैतागलेली दिसते. १८७४ मध्ये आर्थर राजाची शेवटची नौका दाखवायची होती, तर पाणी म्हणून मलमल पसरली. नीट बघितलं तर कापड कळतं. मला तर म्हणूनच तो फोटो आवडतो.

आता खरी गोष्ट. बाईंच्या फोटोंमध्ये एक चेहरा सारखा दिसतो, डोक्यावरून पदरासारखं वस्त्र, मांडीवर मूल. येशूची आई. ती होती मेरी हिलियर, बाईंच्या घरची मोलकरीण. गावात तिला ‘मेरी मॅडोना’च म्हणू लागले. मोठमोठे कवी आणि शास्त्रज्ञही याच कॅमेऱ्यासमोर बसले, पण ते पाहुणे होते, दमले की उठून जाऊ शकत होते. मालकिणीने ‘हलू नकोस’ म्हटल्यावर मेरीला उठता येत असेल का? त्या शांत चेहऱ्यात भक्ती किती आणि नोकरी किती, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

१८६५ मध्येच लंडनच्या साउथ केन्सिंग्टन म्युझियमने, म्हणजे आजच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्टने, बाईंचे फोटो विकत घेतले. ते ऑनलाइन आहेत. सापडला तर मेरीचा एखादा फोटो झूम करून बघा, आणि तुम्हाला काय वाटतं ते सांगा.