हिमवारा आणि विनयाचा शोध

भिक्षू फा-हियान यांच्या प्रवासवृत्तांतात एक भिक्षू दोनदा मृत्यू पावतो. पुरुषपुर येथील भिक्षापात्र-विहारात हुइ-चिंग यांचे निधन झाल्याची नोंद आहे, आणि पुढे छोट्या हिमपर्वतावर त्याच हुइ-चिंग यांना हिमवाऱ्याने प्राण सोडावे लागतात. इ. स. 1886 मध्ये या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर करणारे जेम्स लेग यांनी ही विसंगती टिपली असून, विहारात निवर्तलेले भिक्षू हुइ-यिंग असावेत, असा चिनी टीकाकारांचा निर्णय त्यांनी मान्य केला आहे. तो ग्राह्य वाटतो. कारण त्या वेळी हुइ-चिंग पुरुषपुरात नव्हतेच, ते नगर (नगरहार) येथे आजारी होते. लेखनिकाच्या एका अक्षराच्या चुकीने एका भिक्षूचा मृत्यू दुसऱ्याच्या नावे जावा, ही गोष्ट मनाला चटका लावते. हुइ-यिंग यांच्याविषयी इतिहासाने एवढेच राखून ठेवले होते, आणि तेही नीट राखले नाही.

फा-हियान इ. स. 399 मध्ये चांग-आन येथून निघाले, ते विनयग्रंथांच्या शोधार्थ. चीनमध्ये उपलब्ध असलेले विनयवाङ्मय अपुरे आणि खंडित होते. वाळवंट व पामीरचा हिमप्रदेश ओलांडून ते गांधारात आले. नगर येथे हिवाळ्याचे तीन महिने काढून ते, हुइ-चिंग आणि ताओ-चेंग असे तिघे दक्षिणेकडे निघाले. पुढचा छोटा हिमपर्वत म्हणजे सामान्यतः आजच्या अफगाण-पाक सीमेवरील सफेद कोह मानला जातो. उत्तरेकडील सावलीच्या उतारावर अकस्मात थंड वारा सुटला. तिघांनाही कापरे भरले, तोंडातून शब्द फुटेना. हुइ-चिंग यांच्या तोंडाला पांढरा फेस आला. आपण आता वाचत नाही, तुम्ही त्वरेने पुढे जा, येथे सर्वांनीच मरू नये, एवढे सांगून त्यांनी देह ठेवला. फा-हियान यांनी प्रेतावरून हात फिरवून आक्रोश केला आणि मग बळ एकवटून पर्वत ओलांडला. वाचा बंद होणे हे शरीराचे तापमान घसरल्याचे लक्षण होय, हे आज आपण जाणतो. वृत्तांतकाराने कारण न जाणताही ते अचूक नोंदविले आहे.

हे भिक्षू ज्या विनयासाठी निघाले, त्या विनयातही थंडीचा विचार आहे. पालि महावग्गातील चीवरस्कंधकानुसार, वैशालीच्या गोतमक चैत्यापाशी भगवान बुद्ध हिवाळ्याच्या कडाक्यात रात्री एक चीवर घेऊन उघड्यावर बसले. थंडी वाजू लागताच दुसरे, मग तिसरे आणि पहाटे चौथे घेतले, आणि त्यावरून भिक्षूंना त्रिचीवराची अनुज्ञा दिली. पालि पाठ त्या काळाला हिमपात-समय म्हणतो. वैशालीच्या सपाट प्रदेशात हे हिम म्हणजे दहिवरच असावे. चर्मस्कंधकात अवंतीच्या सोण कुटिकण्णांच्या निमित्ताने प्रत्यंत जनपदांसाठी अनेकपदरी वहाणा व चर्मास्तरणे यांची मुभा मिळते. नियम प्रदेशानुसार सैल होतो, हे तत्त्व येथे आहे. पण ते मध्यदेशाच्या हवेवर बेतलेले होते. बर्फाच्या खिंडीत तीन चीवरे पुरती पडणार नव्हती.

ह्युएन त्संग यांनी इ. स. 630 च्या सुमारास हिमपर्वत (लिंग-शान) ओलांडला, तेव्हा दुहेरी पादत्राणे आणि लोकरी चर्मवस्त्रे असूनही थंडी हटेना. कोरडी जागा नसल्याने भांडी टांगून अन्न शिजवावे लागे आणि बर्फावरच निजावे लागे. सात दिवसांनी खाली उतरले तेव्हा दहांतील तीन-चार माणसे दगावली होती. बैल-घोड्यांची हानी त्याहूनही अधिक होती.

पर्वतापलीकडील लो-यी देशात फा-हियान यांना सुमारे 3000 भिक्षू भेटले. उत्तर भारतात विनय मुखपरंपरेनेच चाले, त्यामुळे नकलून घ्यावयास प्रत मिळेना. ती अखेर पाटलिपुत्रात लाभली. तेथील भिक्षूंचे आचरण पाहून ताओ-चेंग भारतातच राहिले. फा-हियान एकटे सिंहलद्वीपी गेले. तेथे बुद्धमूर्तीपुढे कोणा व्यापाऱ्याने वाहिलेला पांढरा चिनी रेशमी पंखा पाहून त्यांचे डोळे भरून आले. बरोबर निघालेल्यांपैकी कोणी उरला नव्हता. मायदेशी परतल्यावर बुद्धभद्र यांच्यासह त्यांनी महासांघिक विनयाचे भाषांतर इ. स. 416 ते 418 या काळात केले. सिंहलद्वीपातून आणलेल्या महीशासक विनयाचे भाषांतर बुद्धजीव यांनी इ. स. 423-424 मध्ये केले. तोपर्यंत फा-हियान हयात नव्हते.