तारा आधी ट्रकवर आला : मर्सिडीज-बेंझचा इतिहास गोंडपिपरीतून वाचताना

‘मर्सिडीज-बेंझचं आकर्षण’ असा विषय तुम्ही उद्या मार्गदर्शकांसमोर ठेवलात, तर पहिला प्रश्न येईल : आकर्षण कोणाला? इथेच बहुतेक प्रस्ताव अडकतात. कारण आपण गृहीत धरतो की गाडी सुंदर आहे, महाग आहे, म्हणून लोकांना हवी आहे. संपलं. पण ‘हवी असणं’ यालाही इतिहास असतो. तो ठिकाणागणिक बदलतो आणि त्याची साधनंही वेगळी असतात. पीएच.डी.च्या तयारीत असलेल्या मित्रमैत्रिणींसाठी हा विषय मी मुद्दाम निवडलाय. वाहतुकीच्या इतिहासात ज्या चुका हमखास होतात, त्या इथे एकाच जागी सापडतात.

आधी सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट पटकन सांगून टाकतो. २९ जानेवारी १८८६ रोजी कार्ल बेंझने मॅनहाइममध्ये तीनचाकी मोटारगाडीच्या पेटंटसाठी अर्ज केला. त्याच वर्षी श्टुटगार्टजवळच्या कानश्टाटमध्ये गॉटलीब डाइमलरने घोडागाडीला इंजिन बसवलं. दोन वर्षांनी, ऑगस्ट १८८८ मध्ये, बेंझची बायको बेर्टा दोन मुलांना घेऊन त्या तीनचाकीतून माहेरी फोर्झहाइमला निघाली. शंभरेक किलोमीटरचा रस्ता. इंधन वाटेतल्या औषधाच्या दुकानातून घेतलं. पुढे १९२६ मध्ये दोन्ही कंपन्या एक झाल्या आणि ‘डाइमलर-बेंझ’ तयार झाली.

बेर्टाची गोष्ट कोणालाही आवडते, मलाही आवडते. पण ती जितक्या वेळा छापली जाते, त्यातल्या बहुतेक वेळा ती कंपनीच्या सोयीची असते. बेर्टाने लग्नाआधीच आपल्या हुंड्याचे पैसे बेंझच्या कारखान्यात घातले होते. म्हणजे ती या धंद्याची गुंतवणूकदार होती. हे सांगायचं सोडून टोपीची पिन वापरून इंधनाची नळी कशी साफ केली, एवढंच सांगितलं की तिचं रूपांतर ‘धाडसी बायको’त होतं. साधन तेच, पण काय उचलायचं हे कोण ठरवतं ते बघा.

आता नावाकडे या. ‘मर्सिडीज’ हे ना बेंझच्या घरातलं नाव, ना डाइमलरच्या. एमिल येलिनेक नावाचा ऑस्ट्रियन व्यापारी फ्रान्समधल्या नीस शहरात श्रीमंतांना डाइमलरच्या गाड्या विकायचा. त्याने १९०० मध्ये एकदम ३६ गाड्यांची ऑर्डर दिली, किंमत साडेपाच लाख मार्क. एक अट अशी की नव्या गाडीला आपल्या मुलीचं नाव द्यायचं. गाडीची रचना विल्हेल्म मायबाखने केली. मार्च १९०१ मध्ये नीसच्या शर्यतींत ती सगळ्यांच्या पुढे गेली आणि १९०२ मध्ये ‘मर्सिडीज’ हा ट्रेडमार्क नोंदला गेला. खुद्द डाइमलर मार्च १९०० मध्येच वारला होता. ज्या नावाने त्याची कंपनी जगभर ओळखली जाते, ते नाव लावलेली एकही गाडी त्याने पाहिली नाही. तीन टोकांचा ताराही नंतरचा, १९०९ चा.

म्हणजे ‘श्रीमंतांची गाडी’ ही ओळख यंत्रातून आपोआप निघालेली नाही. ती एका विक्रेत्याने, एका विशिष्ट शहरात, विशिष्ट गिऱ्हाइकासमोर उभी केली.

येलिनेकचे वडील अडोल्फ येलिनेक हे व्हिएन्नातले नावाजलेले ज्यू धर्मगुरू. ज्यू घरातल्या मुलीचं नाव गाडीवर आलं, आणि त्याच नावाच्या उघड्या मोटारीत उभा राहून हिटलर सलाम घेत फिरला. दुसऱ्या महायुद्धात डाइमलर-बेंझ विमानांची इंजिनं आणि लष्करी वाहनं बनवत होती. १९४४ मध्ये कंपनीत ६३,६१० माणसं कामाला होती आणि त्यांतली जवळजवळ निम्मी जबरदस्तीने आणलेली होती : परदेशी नागरिक, युद्धकैदी, छळछावण्यांतले कैदी. हा आकडा आज कंपनी स्वतःच देते.

‘आज’ हा शब्द महत्त्वाचा आहे. १९८६ मध्ये कंपनीने मोटारगाडीची शंभरी धुमधडाक्यात साजरी केली. त्या सुमाराला कंपनीच्या मदतीने नाझी काळावर एक अभ्यास निघाला आणि त्यावर लगेच टीका झाली की मजुरांचं दुःख यात फारच सौम्य करून मांडलंय. हाम्बुर्गच्या एका संशोधन संस्थेने १९८७ मध्ये दुसरं, चांगलंच जहाल पुस्तक काढलं. १९८८ मध्ये कंपनीने २ कोटी मार्क दिले, तेही संस्थांना, मजुरांना थेट नाही. १९९४ मध्ये सक्तीच्या मजुरीवर सविस्तर ग्रंथ आला आणि १९९८ मध्ये नील ग्रेगरचं पुस्तक आलं. त्याने दाखवलं की युद्धातही कंपनीची नजर युद्धानंतरच्या बाजारावर होती, यंत्रं आणि कुशल कामगार कसे वाचतील याचा हिशोब चालू होता.

तुम्ही कुठल्याही कंपनीवर काम करणार असाल तर हा सगळा वाद वाचाच. कंपनीचं अभिलेखागार उघडं असणं आणि इतिहास उघडा असणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कागद तेच होते, प्रश्न विचारणारे बदलले.

आता आपल्याकडे. महाराष्ट्रात ही परंपरा सगळ्यात आधी डोळ्यांत भरली ती संस्थानिकांमुळे, असं आपण सहज लिहून टाकतो. कोल्हापूरच्या छत्रपतींची १९३० च्या दशकातली मायबाख आजही दसऱ्याला बाहेर पडते, लोक सोन्यासोबत तिचंही दर्शन घेऊन येतात. पहिल्या मर्सिडीजची रचना करणाऱ्या विल्हेल्म मायबाखने मुलासोबत पुढे ज्या कंपनीचा पाया घातला, तिची ही गाडी. आता ‘मायबाख’ हे नाव मर्सिडीजच्याच सगळ्यात महागड्या मॉडेलांवर असतं. पण दसरा चौकातल्या गर्दीला त्या गाडीत जर्मनी दिसत नाही, छत्रपती दिसतात. मग याला जर्मन कंपनीचं आकर्षण म्हणायचं की गादीबद्दलचा आदर? माझं मत दुसऱ्या बाजूला झुकतं.

बहुसंख्य मराठी माणसाने बेंझचा तारा पाहिला तो ट्रकवर. टेल्को, म्हणजे आजची टाटा मोटर्स, १९४५ मध्ये जमशेदपूरला रेल्वे इंजिनं बनवण्यासाठी सुरू झाली. १९५४ मध्ये तिने डाइमलर-बेंझशी १५ वर्षांचा करार केला आणि त्याच वर्षी ‘टाटा-मर्सिडीज-बेंझ’ ट्रक बाहेर पडले. पुढे नाक आलेले ते ट्रक, नाकावर तारा. १९६९ मध्ये करार संपला, तारा गेला आणि त्याच्या जागी टाटांचा ‘टी’ आला. या कराराच्या काळात टेल्कोची सूत्रं सांभाळणारे सुमंत मुळगावकर. नुसते जर्मन सुटे भाग आणून जोडायचे नाहीत, ते बनवायला शिकायचं, हा त्यांचा आग्रह. पुण्याच्या पिंपरी-चिंचवड भागातला कारखाना १९६० च्या दशकात त्यातूनच उभा राहिला.

मुळगावकर दुपारी ढाब्यावर बसून ट्रकचालकांशी बोलायचे, ही गोष्ट तुम्हाला व्हॉट्सॲपवर नक्की आली असेल. प्रबंधात घालायची असेल तर आधी ती पहिल्यांदा कोणी, कधी, कुठे लिहिली ते शोधा. छान सराव आहे, एक रविवार पुरतो. पक्कं आहे ते एवढं : ‘सुमो’ हे गाडीचं नाव त्यांच्याच नावाआडनावाच्या पहिल्या अक्षरांवरून आलं. १९९४ ला आलेली ती सुमो चंद्रपूर-गडचिरोलीत काळी-पिवळी होऊन किती वर्षं माणसं कोंबून धावली, हे इथल्या कोणालाही विचारा.

आता नकाशा समोर घ्या. गोंडपिपरी हे चंद्रपूर जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. पलीकडे वैनगंगा, नदी ओलांडली की आष्टी आणि गडचिरोली जिल्हा, पुढे अहेरी-आलापल्लीचं जंगल. अलीकडे कोठारी, मग बल्लारपूर. गडचिरोली जिल्हा १९८२ मध्ये वेगळा झाला, त्याआधी हा सगळा एकच चंद्रपूर जिल्हा होता. आलापल्लीचा सागवान आणि बल्लारपूरच्या कागद कारखान्याला लागणारा बांबू ही या जंगलातून बाहेर जाणारी मोठी ओझी. आज त्यात सुरजागडच्या लोहखनिजाचे ट्रक आलेत आणि त्यांच्यापायी रस्त्याची काय दशा झालीय, यावर गावात वेगळं बोलायला नको.

या पट्ट्यात मोटारीकडे बघण्याची नजर ट्रकने घडवली, असं मला वाटतं. चांगली गाडी म्हणजे ओझं ओढणारी, पावसात चिखलातून निघणारी, गावातल्या मिस्त्रीला दुरुस्त करता येणारी. मऊ गादी, गप्प इंजिन वगैरे नंतरचं. गंमत म्हणजे जर्मनीतही हे दोन्ही अर्थ शेजारी शेजारी नांदतात. १९३६ पासून मर्सिडीजने डिझेल मोटार बनवली आणि ती टॅक्सीवाल्यांनी उचलून धरली. तिथे तारा टॅक्सीवर, बसवर, कचरा उचलणाऱ्या ट्रकवरही असतो. तो फक्त ऐषआरामाचा झाला तो आपल्याकडे. आणि यामागे रुचीपेक्षा धोरण जास्त आहे.

ते धोरण थोडक्यात असं. १९५० च्या दशकात सरकारने ठरवलं की जे इथेच उत्पादन करतील त्यांनाच वाहनधंद्यात जागा. नुसती जुळणी करणाऱ्या फोर्ड आणि जनरल मोटर्सनी गाशा गुंडाळला. ट्रक देशाला हवे होते म्हणून डाइमलर-बेंझ ट्रकच्या रूपाने आत आली आणि तिच्या मोटारी बाहेर राहिल्या. त्या दिसायच्या वकिलातींच्या दारात, आणि तिथून स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनच्या लिलावात. चाळीस वर्षं एखादी वस्तू दिसते पण मिळत नाही, तेव्हा तिच्याभोवती काय तयार होतं, हा खरा संशोधनाचा विषय.

१९९१ नंतर दार उघडलं. १९९४ मध्ये टेल्कोच्या भागीदारीत कंपनी भारतात आली आणि १९९५ मध्ये पिंपरी-चिंचवडच्याच आवारातून पहिली ई-क्लास बाहेर पडली. पण ते मॉडेल होतं डब्ल्यू-१२४, आणि त्याच वर्षी युरोपात त्याची जागा नव्या पिढीने घेतली. इथल्या गिऱ्हाइकाला ते कळलं. विक्री अपेक्षेइतकी झाली नाही. नुसत्या ताऱ्याने माणूस भुलतो असं मानणाऱ्यांनी या प्रसंगाकडे नीट बघावं. श्रीमंत मराठी गिऱ्हाईकही शेवटी ‘जुना माल देताय का?’ असंच विचारतं. २००९ मध्ये कंपनीने चाकणला स्वतःचा कारखाना काढला, तोही अर्थात आयातशुल्काचं गणित सांभाळून. तयार गाडी आणली की जबर शुल्क, भाग आणून इथे जोडले की बरंच कमी.

आणि मग ऑक्टोबर २०१०. तेव्हाचं औरंगाबाद, आजचं छत्रपती संभाजीनगर. उद्योजक, व्यावसायिक, डॉक्टर अशा मंडळींनी एकत्र येऊन एकाच वेळी १५० मर्सिडीज घेतल्या, एकूण सुमारे ६५ कोटी रुपयांच्या. घाऊक खरेदीची सवलत मिळवली, बँकेशी कर्जाची बोलणीही एकत्रच केली. बातम्यांत याचं वर्णन बहुधा ‘श्रीमंतीचं प्रदर्शन’ असं झालं. मला ते अपुरं वाटतं. घेणारे उघड सांगत होते की आमच्या शहराकडे गुंतवणूकदारांनी बघावं. इथे गाडी एका माणसाची प्रतिष्ठा नव्हती, मागे पडलेल्या विभागातल्या शहराने मुंबई-पुण्याला पाठवलेला निरोप होता. आणि पद्धत? सोसायटीने मिळून खत उचलावं तशी.

आता समजा तुम्हाला हा अभ्यास चंद्रपूर-गडचिरोलीत करायचाय. पहिला मोह होईल केंद्र सरकारच्या ‘वाहन’ संकेतस्थळावरून एमएच-३४ आणि एमएच-३३ मधल्या मर्सिडीज मोजायचा. मोजा, पण तेवढ्यावर निष्कर्ष काढू नका. चंद्रपुरात फिरणारी गाडी नागपूरच्या किंवा पुण्याच्या क्रमांकाची असू शकते, जुनी विकत घेतलेली असू शकते, कंपनीच्या नावावर असू शकते. शिवाय नोंदणीतून मालक कळतो, बघणारा कळत नाही.

बघणारा शोधायचा तर दुसरीकडे जा. वनोपज बाहेर नेताना लागणाऱ्या वाहतूक परवान्यावर ट्रकचा क्रमांक लिहिलेला असतो. जुने परवाने आणि वननाक्यांच्या नोंदवह्या हाती लागल्या तर ते क्रमांक आरटीओच्या जुन्या रजिस्टरशी जुळवून पाहता येतील, म्हणजे कोणत्या वर्षी कोणत्या बनावटीचे ट्रक या रस्त्यावर होते हे कळेल. लग्नाचे जुने फोटो बघा, नवरदेव कोणत्या गाडीला टेकून उभा आहे ते लिहून ठेवा. गॅरेजच्या पाट्या, ट्रकच्या मागची रंगरंगोटी, हेसुद्धा साधन आहे. मुलाखतीत ‘तुम्हाला मर्सिडीज आवडते का?’ असं कधीच विचारू नका, सगळे हो म्हणतील. ‘तुम्ही चालवलेली सगळ्यात चांगली गाडी कोणती, आणि का?’ असं विचारा आणि मग गप्प बसा.

एक घाई मात्र आहे. १९६० च्या दशकात वयाच्या विशीत ट्रकवर क्लीनर म्हणून लागलेला माणूस आज ऐंशीच्या आसपास असेल. नोंदवह्या वर्षभराने मिळाल्या तरी चालतील. मुलाखतींचा अर्ज आधी टाका, विद्यापीठाच्या समितीची मंजुरी लवकर घ्या, आणि पावसाळ्याआधी गावं गाठा.