अंगावरून पांढरे जाते, वास येतो? गोळ्यांचा कोर्स अर्धवट सोडू नका

अंगावरून पांढरे जाणे म्हणजे दरवेळी आजार नव्हे. पण पाणी पातळ, राखाडीसर आणि माशासारख्या वासाचे असेल, तर तो बॅक्टेरियल व्हजायनोसिस असू शकतो. योनीमार्गातले चांगले जिवाणू कमी होऊन दुसरे वाढले की हा त्रास होतो.

यावर डॉक्टर बहुतेक वेळा मेट्रोनिडाझोलची गोळी देतात. नेहमीचा कोर्स असा: ४०० मिलिग्रॅमची एक गोळी सकाळ-संध्याकाळ, जेवणानंतर, ७ दिवस. दोन-तीन दिवसांत वास कमी होतो आणि बायका गोळ्या बंद करतात. इथंच चूक होते, दुखणं उलटतं. गोळीने तोंड कडवट होते, मळमळते. तरी कोर्स पुरा करा. या काळात दारू नको.

हीच गोळी जुलाबालाही देतात, म्हणून घरात उरलेली घेऊ नका. दह्यासारखे पाणी आणि खाज असेल तर ते बहुधा बुरशीचे दुखणे. त्यावर ही गोळी चालत नाही. आतून साबणाने धुऊ नका.

बाई गरोदर असेल, ओटीपोटात दुखत असेल किंवा ताप असेल तर लगेच डॉक्टरांना दाखवा. सांगायला लाज वाटली तर आधी आशाताईंशी बोला.